फोनातला सावकार आणि पासबुकातल्या दोन ओळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. दर वर्धापनदिनाला सतरंज्या घालणे आणि पोह्यांच्या कढईपाशी उभे राहणे एवढेच काम मी आजवर करीत आले. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्यावर जे गुदरले ते तुम्हीच सांगा. आम्ही सांगितले तर तो नुसता उपदेश होईल." मी आठ दिवस विचार केला. घरी विचारले. यजमान म्हणाले, "सांग. लपवून काय होते ते एकदा पाहिलेच आहे." सासूबाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. म्हणून धीर करून उभी राहिले. काही चुकले तर पदरात घ्या.

गोष्ट गेल्या सालची आहे. उसाचे बिल यायचे होते, ते लांबले. थोरली बारावीला. तिच्या शिकवणीचे पाच हजार शनिवारच्या आत भरायचे होते. बचत गटाकडे मागावे, तर माझाच आधीचा एक हप्ता थकलेला. गटाच्या बैठकीत वही उघडते, नाव वाचले जाते, आणि पंधरा जणी तुमच्या तोंडाकडे पाहतात. मला त्याची लाज वाटली. यजमानांना सांगावे, तर ते आधीच बिलाच्या काळजीत. अशा वेळी फोनवर हरिपाठ ऐकत असताना मध्येच जाहिरात आली: पाच मिनिटांत पैसे, कागद नको, जामीन नको, कुणाला सांगणे नको. बायांनो, त्यातले "कुणाला सांगणे नको" एवढेच माझ्या मनाने धरले.

मी ते ॲप फोनात घेतले. त्याने चार वेळा काहीतरी विचारले. इंग्रजीत होते. चारही वेळा मी "हो" वर बोट ठेवले. पुढे कळले की पहिल्या "हो" ने माझ्या फोनातली सगळ्यांची नावे व नंबर त्यांच्याकडे गेले, दुसऱ्याने फोटो गेले, तिसऱ्याने मी कुठे आहे ते त्यांना कळू लागले, आणि चौथ्याने माझ्या बँकेच्या खात्यातून परस्पर पैसे ओढून घेण्याची संमती मी त्यांना देऊन बसले. आपल्याच तालुक्यात शनिशिंगणापूरला घरांना दारे नाहीत. युको बँकेने २०११ साली तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. तिथे राखणीला शनिदेव आहेत, अशी लोकांची श्रद्धा. माझ्या फोनाच्या राखणीला मात्र मीच होते, आणि दार मी आपल्या हाताने उघडून दिले.

कर्ज मंजूर झाले पाच हजारांचे. खात्यात आले तीन हजार दोनशे पन्नास. बाकीचे सतराशे पन्नास "खर्च" म्हणून आधीच कापले. फेडायचे मात्र पुरते पाच हजार, आणि तेही सात दिवसांत.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, उचल. ऊसतोडीचा मजूर हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतो आणि पुढे थंडीवाऱ्यात कोयता चालवून ती फेडतो. शहरातले नोकरदार पुढच्या पगारावर उचल घेतात. पैसा हातात येण्याआधी खर्चायचा, आणि येईल तेव्हा त्यावर आपला हक्क नाही, हीच उचलीची रीत. फोनातली उचल याहून वेगळी नाही. फक्त तिचा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही.

तो हिशेब माझ्या थोरलीने नंतर मांडला. हातात आले ३,२५०. त्यावर सात दिवसांचे गेले १,७५०. म्हणजे आठवड्याला शेकडा जवळजवळ चोपन्न. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर शेकडा २,८०० व्याज झाले! आपला बचत गट महिन्याला शेकडा दोन रुपये घेतो. तेच ३,२५० मी गटातून घेतले असते, तर महिन्याचे व्याज पासष्ट रुपये. पासष्ट रुपये आणि पंधरा जणींसमोर खाली घातलेली मान, एवढीच त्याची किंमत होती. ती मला जड वाटली.

सात दिवस झाले. पैसे नव्हते. तेव्हा त्याच ॲपने दुसऱ्या ॲपचे नाव सुचवले. तिथून आठ हजारांचे कर्ज घेतले, हातात पाच हजार दोनशे पडले, त्यातले पाच हजार पहिल्याला दिले. म्हणजे पहिले कर्ज फिटले, दोनशे रुपये माझ्याकडे उरले, आणि आठ हजार डोक्यावर आले. भाजीपाला करताना पैशा-पैशाचा हिशेब करणारी बाई मी. पण भीती शिरली की हिशेब पळून जातो.

दुसऱ्याचीही मुदत टळली. मग फोन सुरू झाले. सकाळी सहाला, रात्री अकराला. बोलणारा माणूस कोण, कुठला, काही कळत नव्हते. त्याची भाषा मी इथे सांगणार नाही. माझ्या फोटोचे काय करू, हेही त्याने सांगितले. मग त्याने वैजापूरला माझ्या भावाला फोन करून "तुमची बहीण पैसे बुडवून पळाली आहे" असे कळवले. मी काय केले? फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. फोन बंद म्हणजे संकट बंद, असे वाटले. हीच माझी सर्वांत मोठी चूक झाली. त्याचे कारण पुढे सांगते.

भाऊ सोमवारी सकाळीच आला. मला काही बोलला नाही. माझ्या खात्याचा नंबर घेतला आणि बारा हजार भरून दिले. यजमानांना तेव्हाच सारे कळले. ते रागावले. त्या रात्री जेवले नाहीत. सासूबाईंनी मात्र मला माजघरात बोलावले आणि त्यांच्या तरुणपणची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराने पाटल्या ठेवून घेतल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आमचा सावकार दारात येऊन बसायचा. साऱ्या आळीला कळायचे. लाज वाटायची, पण चार माणसे मध्ये पडायची. तुझा सावकार डब्यात बसला होता, मग मध्ये कोण पडणार?"

गुरुवारी आम्ही दोघे बँकेत गेलो आणि पासबुक भरून घेतले. भावाचे बारा हजार सोमवारी जमा. मंगळवारी दोन ओळी खर्चाच्या. पहिली ओळ नऊ हजार दोनशेची, म्हणजे आठ हजार कर्ज आणि बाराशे दंड. ती कर्जवाल्याने ओढून घेतली. दुसरी ओळ अडीच हजारांची. आधारवर अंगठा लावून रोख काढले, असे तीत होते. मंगळवारी मी घराबाहेरही पडले नव्हते.

आता इथे नीट लक्ष द्या. मला दोन्ही ओळी चोरीच्याच वाटत होत्या. रडत रडत मी दोन्हींसाठी एकच तक्रार सांगू लागले. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "बाई, अंगठा तुमचा आहे. मग पैसे तुम्हीच काढले असणार." तिथून मी परतलेच असते. पण आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाई बरोबर होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "या दोन ओळी वेगळ्या आहेत. एकीत तू हो म्हटले होतेस, दुसरीत म्हटले नव्हतेस. दोन कागद करू."

पहिला कागद कर्जवाल्याच्या ओळीचा. मी चौथ्यांदा "हो" म्हटले, त्याला बँकेच्या भाषेत मॅन्डेट म्हणतात. म्हणजे आपल्या खात्यातून पैसे नेण्याची आपणच दिलेली संमती. ही संमती आपल्याला मागे घेता येते. बँकेला लेखी अर्ज द्यायचा. यूपीआयवरून दिली असेल तर फोनवरूनच रद्द करता येते. मी त्याच दिवशी अर्ज दिला. गेलेले नऊ हजार दोनशे त्यामुळे परत आले नाहीत, आणि आजतागायत आलेले नाहीत. पण पुढची ओढाओढ थांबली. एक ध्यानात ठेवा, संमती रद्द केली म्हणजे खरे कर्ज माफ होत नाही. फक्त आपल्या खात्याची चावी आपल्याकडे परत येते.

दुसरा कागद अंगठ्याच्या ओळीचा. इथे रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा आदेश उपयोगी पडला. त्यात असे आहे. आपल्या चुकीशिवाय कुणी तिऱ्हाइताने खात्यातून पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या तीन दिवसांच्या आत आपण बँकेला कळवले, तर आपले नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले, तर साध्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंतचा भार आपल्यावर येऊ शकतो. त्याहून उशीर झाला, तर बँकेचे धोरण असेल तसे. चूक बँकेचीच असेल, तर उशिरा कळवले तरी आपल्यावर भार नाही. मात्र आपणच ओटीपी किंवा पिन कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले. आणि सर्वांत महत्त्वाचे, पैसे ग्राहकानेच काढले हे सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे. "अंगठा तुमचा" एवढे म्हणून भागत नाही.

आता कळले ना, फोन डब्यात ठेवणे ही मोठी चूक का म्हणते? बँकेचा मेसेज त्याच फोनवर आला होता. मी कर्जवाल्याच्या भीतीने फोन बंद ठेवला आणि चोराला वेळ दिला. देवाची कृपा, भाऊ आला म्हणून आम्ही कामाच्या दुसऱ्याच दिवशी बँकेत पोचलो. तो आला नसता तर मी महिनाभर डबा उघडला नसता.

अर्ज दिला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मागितली. "पोच कशाला? आम्ही लक्षात ठेवू," असे उत्तर आले. बाई म्हणाल्या, "आम्हीही लक्षात ठेवू, पण शिक्का द्या." तक्रार आल्यापासून कामाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा, असेही त्या आदेशात आहे. माझे अडीच हजार नवव्या दिवशी जमा झाले. चौकशीत दिसून आले की पैसे दूरच्या एका गावी निघाले होते, जिथे मी जन्मात गेले नाही. पैसे माझ्याकडेच राहिले. माझ्या अंगठ्याचा ठसा कुठून गेला, ते शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हापासून मी आधारवरचा अंगठा कुलूपबंद करून ठेवला आहे. लागेल तेव्हा उघडता येतो. आधारच्या १९४७ या नंबरवर त्याची माहिती मिळते.

एवढे होऊनही कर्जवाल्याचे फोन थांबले नव्हते. "अजून तीन हजार निघतात," असे तो म्हणू लागला. तेव्हा १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली, आणि पोलीस ठाण्यात जाऊन धमक्यांचे मेसेज दाखवले. ते मी पुसून टाकणार होते. थोरलीने पुसू दिले नाहीत. तेच पुरावा झाले. भावाने आपल्या सगळ्या नातेवाइकांना स्वतःच कळवले: "असे फोन येतील, विश्वास ठेवू नका, ताईची फसवणूक झाली आहे." त्यानंतर धमकीत काही राहिले नाही. जे सगळ्यांना ठाऊक झाले, ते सांगण्याची भीती कोण घालणार? चार दिवसांत फोन बंद झाले.

भगिनींनो, माझ्या एकटीच्या गोष्टीपेक्षा एक मोठी गोष्ट सांगते. तीही शिक्षिकाबाईंकडूनच ऐकली. १८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांनी सावकारांच्या घरांत शिरून प्रामुख्याने काय जाळले? कर्जरोखे. कारण त्या कागदांवर काय लिहिले आहे ते न वाचता, न कळता त्यांनी अंगठे दिले होते. पुढे सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. रोखा काहीही म्हणो, मुळापासून व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. शेतकऱ्याने पैसे भरले की सावकाराने लेखी पावती द्यावी, मागेल त्याला हिशेब लिहिलेले पासबुक द्यावे, असेही त्यात घातले. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या आज्यापणज्यांनी इतके सोसले तेव्हा पासबुक हा हक्क झाला. आणि आपण ते सहा-सहा महिने भरून घेत नाही! मीही घेत नव्हते.

आजही कायदे आहेत. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याखाली परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. फोनवरच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केले आणि २०२५ साली ते नव्याने बांधले. त्यांप्रमाणे कर्ज ॲपला तुमच्या फोनातली नावे, फोटो पाहण्याचा अधिकार नाही. कर्ज नको वाटले, तर निदान एक दिवसाच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचाच आकार भरून, दंड न देता बाहेर पडता येते. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील संस्थांच्या कर्ज ॲपांची यादी तिच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून आहे. माझी दोन्ही ॲपे त्या यादीत नव्हती. ज्याचे नाव यादीत नाही, त्याच्या दारात जाऊच नका. गेला असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" या संकेतस्थळावर तक्रार करा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर बँक लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसा लागत नाही, वकील लागत नाही.

आणखी एक. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने एका तक्त्यात सारा खर्च धरून वर्षाचा व्याजदर लिहून द्यायचा असतो, आणि तोही आपल्याला कळेल त्या भाषेत. आपण नेवाशाच्या बाया आहोत. आपल्या गावात पैसाच्या खांबापाशी बसून ज्ञानोबामाउलींनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत सांगितली, ती बायाबापड्यांना कळावी म्हणूनच ना? देवाचे बोलणे आपल्या भाषेत आले, मग पाच हजारांच्या कर्जाचा कागद मराठीत का येऊ नये? "मराठीत द्या, वाचून सही करते," असे म्हणायला लाजू नका. माझे चार "हो" मराठीत असते, तर एक तरी मी "नाही" म्हटला असता.

मला कुणी विचारील, मग कर्ज घ्यायचेच नाही काय? तसे कसे म्हणू? बिल लांबते, कांद्याचा भाव पडतो, माणूस आजारी पडते. गरिबाच्या घरात अडचण सांगून येत नाही. पण अडचण आली की ती आधी आपल्या माणसाला सांगा. माझ्या घरचे रागावले ती एक रात्र. आणि मी लपवले ते तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांचे नऊ हजार दोनशे झाले. मी आता दर महिन्याला भावाचे पाचशे फेडते आहे. तो नको म्हणतो, मी देते.

आपल्या मंडळाला माझी एक विनंती आहे. दर महिन्याच्या बैठकीत हळदीकुंकू, भजन होते, ते होऊ द्या. पण त्याआधी अर्धा तास प्रत्येकीने आपले पासबुक घेऊन बसावे. ज्यांना वाचता येते त्यांनी इतरांना ओळ न् ओळ वाचून दाखवावी. न कळणारी ओळ दिसली, तर दोघींनी मिळून दुसऱ्याच दिवशी बँकेत जावे. एकटीला खिडकीतून परत पाठवणे सोपे असते, दोघींना कठीण जाते. आणि गटाची वही वाचताना कुणाचा हप्ता थकला असे निघाले, तर तिच्या तोंडाकडे पाहू नका. बैठक संपल्यावर तिला चहाला थांबवा आणि विचारा, "काय अडले आहे?" एवढे त्या दिवशी मला कुणी विचारले असते, तर आज मला भाषण करावे लागले नसते. आणि खरे सांगायचे, तर कुणी विचारावे अशी संधीही मी दिली नव्हती.

तो तांदळाचा डबा अजून आमच्या घरी आहे. त्यात आता फक्त तांदूळ असतात.